पिठाचा कोंबडा आणि चॉकलेटचं रक्त

मेलेली माणसं उठतात, चालत येतात आणि जिवंत माणसांना खातात. एवढ्या एका ओळीवर गेली पन्नासहून जास्त वर्षं सिनेमे निघताहेत. मराठीत झोंबी म्हटलं की माझ्या वयाच्या बायकांना आधी कुस्ती आठवते, नाहीतर आनंद यादवांचं पुस्तक. पण हे झोंबी वेगळे. यांतले कितीतरी सिनेमे इतक्या थोडक्या पैशांत झालेले असतात, की आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी लग्नात नुसत्या मांडवाला त्याहून जास्त खर्च यावा. कारण उघड आहे. राजवाडा नको, घोडे नकोत, नावाजलेला नट नको. एक पडकं घर, जुनेपाने कपडे, तोंडाला फासायला पांढरं काहीतरी, आणि पाय ओढत चालायला तयार असलेले शेजारीपाजारी मिळाले की काम सुरू.

मी हे सिनेमे बघते. आमच्या महिला मंडळात हे ठाऊक झाल्यापासून मला दोन प्रश्न विचारले जातात. थोरल्या बायकांचा प्रश्न असतो, "अगं, कंदमूळ खात नाहीस, सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय काही घेत नाहीस, नि हे बघतीस होय?" नव्या सुनांचा वेगळा असतो. त्या म्हणतात, "काकू, सगळेच तर खोटे दिसतात. मग ह्यातला चांगला कुठला नि वाईट कुठला, हे ओळखायचं कसं?" मी दुसऱ्या प्रश्नाला आधी हात घालते, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

स्वस्तातला भुताखेतांचा सिनेमा बघताना माणसं साधारण दोन गोष्टी करतात. एक तर माफ करतात, नाहीतर चेष्टा करतात. माफ करणारा म्हणतो, बिचाऱ्यांकडे पैसे नव्हते, त्या मानानं बरं केलंय. चेष्टा करणारा चार मित्र गोळा करून, चिवडा-भडंगाची ताटली मध्ये ठेवून, हसण्यासाठीच बघायला बसतो. ह्या दोघांनी सिनेमा बघितलेला नसतो, असं माझं मत आहे. एकानं जमाखर्चाची वही बघितली, दुसऱ्यानं स्वतःची हुशारी.

चेष्टेचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण म्हणजे एड वुडचा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'. १९५० च्या दशकातला अमेरिकन सिनेमा. परग्रहावरचे लोक पृथ्वीवरची मढी उठवतात, अशी गोष्ट. १९८० साली 'द गोल्डन टर्की अवॉर्ड्स' नावाच्या पुस्तकानं त्याला आजवरचा सगळ्यांत वाईट सिनेमा ठरवलं आणि तेव्हापासून लोक तो हसायला म्हणून बघायला लागले. हसण्यासारखं त्यात खूप आहे, ते मी नाकारत नाही. पुठ्ठ्याची थडगी हलतात, दिवसाची रात्र होते. बेला लुगोसी हा ड्रॅक्युलाच्या भूमिकेनं जगप्रसिद्ध झालेला नट चित्रण पुरं व्हायच्या आत वारला, म्हणून एड वुडनं आपल्या बायकोच्या हाडवैद्याला त्याच्या जागी उभं केलं. तो लुगोसीपेक्षा उंच. मग काय, तोंडावर झगा धरून तो सिनेमाभर फिरतो. सगळे इथं हसतात. पण त्याच सिनेमात खऱ्या लुगोसीचे मोजके क्षण आहेत. बायको गेलेला एक म्हातारा घराबाहेर येतो, एक फूल हातात घेतो. म्हातारा, थकलेला नट, आणि ते त्याचं पडद्यावरचं जवळजवळ शेवटचं दिसणं. हसायचं आधीच ठरवून बसलेल्या माणसाला ते दिसत नाही. मी हा सिनेमा चांगला म्हणत नाही. तो वाईटच आहे, कारण एड वुडला दाखवायचं काय हेच धड ठाऊक नव्हतं. पण वाईट का, हे सांगताना पुठ्ठ्याला दोष देऊ नये.

पुठ्ठ्याचं आपल्याला काय नवल? पंचकल्याणक महोत्सवात आपल्यातलेच एक जोडपं बोली लावून तीर्थंकरांचे माता-पिता होतं. किराणा दुकानवाले सौधर्म इंद्र होतात, डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट, त्याची रबरी दोरी हनुवटीखाली दिसत असते. सोळा स्वप्नांचे देखावे थर्माकोलचे. कुणी हसतं का? जन्मकल्याणकाचा पाळणा हलला की मागच्या रांगेतल्या आज्जीबाईंचे डोळे भरतात. तिथं बघणाऱ्याला गोष्ट आधीपासून माहीत असते, आणि करणारा ती मनापासून करत असतो. उरलेलं बघणारा भरून काढतो. स्वस्त सिनेमाला ही आयती श्रद्धा मिळत नाही. त्याला ती पहिल्या दहा मिनिटांत मिळवावी लागते. ती कशी मिळवतात, हे बघायचं असेल तर १९६८ सालच्या एका सिनेमाकडे जावं लागतं.

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात जॉर्ज रोमेरो आणि त्याचे दोस्त जाहिराती तयार करायचे. दहा जणांनी मिळून प्रत्येकी ६०० डॉलर काढले, पुढं आणखी लोकांकडून जमवत जमवत सगळा खर्च १,१४,००० डॉलरच्या आसपास गेला. अमेरिकेच्या हिशोबानं हे काहीच नव्हे. चित्रण काळ्या-पांढऱ्या फिल्मवर, इव्हान्स सिटी नावाच्या लहान गावाजवळच्या शेतघरात. मढी म्हणून गावातले लोक. रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप, काळ्या-पांढऱ्यात ते झकास रक्त दिसतं. मेरिलिन ईस्टमन ह्या बाईंनी त्यात चिडचिड्या नवऱ्याच्या बायकोचं काम केलं, लोकांना रंगवायचं कामही केलं, आणि वर स्वतः रंग फासून झाडावरचा किडा खाणारं एक मढंही झाल्या. घरात एकच बाई असली की स्वयंपाक, वाढप आणि खरकटं सगळं तिच्याच वाट्याला येतं ना, तसं. पण ह्यात त्यांचा मान होता, बळजबरी नव्हती.

आता ह्या सिनेमात पैशांची तंगी कामाला कशी लावलीय बघा. घर एकच आहे, म्हणून गोष्ट घरात कोंडलेल्या सात माणसांची होते. बाहेर काय चाललंय ते दाखवायला पैसा नाही, म्हणून घरातला रेडिओ आणि टीव्ही सगळं सांगतात. ते सांगणं इतकं कोरडं, सरकारी आहे की त्यावर विश्वास बसतो. करोनाच्या दिवसांत आपण सगळ्या रोज संध्याकाळी आकडे ऐकत बसायचो, त्या आवाजाची आठवण होते. मढ्यांना फार रंगवायला पैसे नाहीत, म्हणून ती माणसांसारखीच राहतात. कुणी रात्रीच्या कपड्यात, कुणी कोटात. शेजारच्या आळीतलं कुणी ओळखीचं निघेल अशी. नंतरच्या पैसेवाल्या सिनेमांत झोंबी इतके सडलेले, इतके झपाट्यानं धावणारे झाले की त्यांच्यात माणूस उरलाच नाही. भीती वाढली असेल, पण काळीज हलायचं बंद झालं.

एक गंमत सांगते. ह्या सिनेमात झोंबी हा शब्द कुणी उच्चारतच नाही. आणि ही मढी आगीला भितात. आपल्या पाठशाळेत चार संज्ञा शिकवतात, आहार, भय, मैथुन आणि परिग्रह. जीव निघून गेला की उरतं ते पुद्गल, त्याला संज्ञा कसली, असं पाठशाळेतली हुशार मुलगी लगेच विचारेल आणि तिचं बरोबर आहे. पण रोमेरोनं मढ्यांना पहिल्या दोनच ठेवल्या, आहार नि भय. परिग्रह ठेवला जिवंत माणसांकडे. तळघर माझं, वरचा मजला तुझा, बंदूक कुणाच्या हातात, टीव्ही कुणाच्या खोलीत. बाहेर मढी उभी आणि आत हे भांडण. हॅरी कूपर म्हणतो तळघरात चला, बेन म्हणतो तळघर म्हणजे सापळा. आपण बेनच्या बाजूचे, कारण तो शांत, कामाचा माणूस आहे आणि हॅरी खेकसतो. शेवटी काय होतं? बेन वाचतो तो तळघरात जाऊनच. सिनेमा ह्यावर एक शब्द बोलत नाही. चांगल्या माणसाचं म्हणणं चुकीचं आणि वाईट माणसाचं बरोबर निघालं, हे तुमचं तुम्ही पचवा. हे लिहायला पैसे लागत नाहीत. म्हणून मी सुनांना म्हणते, लेखन वाईट असेल तर पैशांचं निमित्त ऐकून घेऊ नका.

आवाजाचंही तसंच. कमी खर्चाच्या सिनेमात चित्र धूसर असलं तर डोळे सवय करून घेतात, पण बोललेलं नीट ऐकू आलं नाही की पाच मिनिटांत मन उठतं. आणि धूसरपणाचा दोष तरी दर वेळी करणाऱ्याचा असतो का? ह्याच सिनेमाचं नाव वितरकानं ऐन वेळी बदललं, त्या बदलात पडद्यावरची हक्काची ओळ गाळली गेली आणि तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे सिनेमा कुणाच्याच मालकीचा राहिला नाही. ज्याला वाटेल त्यानं प्रती काढल्या, प्रतीवरून प्रती. दोन पिढ्यांनी तो चिखलासारखा बघितला आणि चिखल रोमेरोच्या खात्यावर मांडला. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं आणि फिल्म फाउंडेशननं मूळ निगेटिव्हवरून तो स्वच्छ करून घेतला, तेव्हा दिसलं की छाया-प्रकाश किती विचार करून टाकलेत.

माफ करणाऱ्यांना आणि चेष्टा करणाऱ्यांना, दोघांनाही एकदम खिंडीत गाठणारा सिनेमा मात्र जपानचा आहे. शिनिचिरो उएदाचा 'वन कट ऑफ द डेड', २०१७ चा. खर्च ३० लाख येन, नट बहुतेक अभिनयाच्या कार्यशाळेत शिकायला आलेले. पहिली ३७ मिनिटं एकाच न तुटलेल्या चित्रणात एक रद्दड झोंबीपट चालतो. नट मध्येच गप्प होतात, उगाच एकमेकांकडे बघत राहतात. कुणीतरी कारण नसताना बाहेर निघून जातो. कॅमेरा जमिनीवर पडून राहतो. बघणारा म्हणतो, गरीब बिचारे, नाहीतर म्हणतो, काय हा गाढवपणा. नि मग सिनेमा मागं जातो आणि तो गाढवपणा घडला कसा ते दाखवतो. तो थांबला का, तर त्या वेळी पलीकडे एक नट दारू पिऊन आडवा झाला होता. तो बाहेर का पळाला, तर त्याचं पोट बिघडलं होतं. शेवटचं उंचावरून घ्यायचं चित्र, त्याचं यंत्र मोडलं, तर सगळे एकमेकांच्या पाठीवर चढून मनोरा रचतात आणि वर दिग्दर्शकाची मुलगी कॅमेरा घेऊन उभी राहते.

मी ह्या सिनेमाला नुसती गंमत म्हणत नाही. ज्या प्रत्येक चुकीवर आपण निकाल दिला, तिच्यामागं कुणाची तरी धडपड होती, हे तो हसवत हसवत दाखवतो. तीर्थयात्रेला पन्नास माणसांचा स्वयंपाक केलेली कुठलीही बाई हा सिनेमा पहिल्या फटक्यात समजेल. भात थोडा कमी शिजला म्हणणाऱ्याला आत गॅस संपला होता हे कुठं माहीत असतं! हा सिनेमा टोकियोतल्या दोनएक थिएटरांत लागला, तोंडी प्रसिद्धीवर पसरला आणि त्यानं ३०० कोटी येनपेक्षा जास्त गल्ला केला. पुढं २०२२ मध्ये फ्रान्सनं त्याची नक्कल काढली, तिच्यानं कान महोत्सवाचं उद्घाटन झालं. पैसा कितीतरी पट जास्त. मला ती मूळच्यापुढं फिकी वाटते. मुद्दाम केलेली गरिबी आणि खरी गरिबी डोळ्यांना लगेच कळते.

आपल्या भाषेतला 'झोंबिवली' २०२२ सालचा, आदित्य सरपोतदारांचा. तो अगदी कफल्लक सिनेमा नव्हे, पण हिंदीच्या मानानं पैसा थोडाच. डोंबिवलीतले टॉवरवाले आणि शेजारच्या वस्तीतले लोक ह्यांना एका संकटात एकत्र आणायची कल्पना चांगलीच आहे. माझी तक्रार सिनेमापेक्षा त्याच्या कौतुकाची जास्त आहे. "मराठीत असून बरा आहे की!" हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं. सीमाभागात राहणाऱ्यांना हा सूर ओळखीचा आहे, आमच्या मराठीबद्दलही पुण्याकडचे पाहुणे असंच बोलतात. 'असून' म्हणून केलेलं कौतुक सिनेमाला काही शिकवत नाही. त्यापेक्षा सरळ म्हणावं की उत्तरार्धात विनोद नि भीती एकमेकांचे पाय ओढतात, आणि वस्तीतली माणसं टॉवरवाल्यांइतकी उभी राहायला हवी होती.

आता थोरल्या बायकांचा प्रश्न. तो हसण्यावारी न्यायचा नाही. आपल्याकडे पाप तीन वाटांनी लागतं, स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा केलेल्याला मनानं दाद दिली. कृत, कारित, अनुमोदित. सिनेमात मारणारा मी नाही, मारायला मी सांगितलं नाही. पण अनुमोदनेचं काय? रक्त चॉकलेटचं होतं, एवढं म्हणून सुटका होत नाही. होत असती तर यशोधराची सुटका आधी झाली असती. राजा यशोधर जिवंत कोंबडा मारायला तयार नव्हता. आईच्या हट्टापायी पिठाचा कोंबडा करून देवीपुढं कापला. पीठच ते. तरी दोघांना मोर, कुत्रा असे कुठले कुठले जन्म घेत फिरावं लागलं, कारण कापताना मनात कोंबडाच होता. ही कथा सोमदेवसूरींनी संस्कृतात सांगितली, पुष्पदंतांनी अपभ्रंशात, आणि १२०९ मध्ये जन्न कवीनं आपल्या शेजारच्या कन्नडात. खोट्या रक्ताबद्दल इतका खोल विचार जगातल्या कुठल्याही सिनेसमीक्षकानं केलेला मला तरी माहीत नाही.

म्हणूनच माझी कसोटी ही आहे. सिनेमा मला कापणाऱ्याच्या जागी बसवतो की बघणाऱ्याच्या? हे खर्चावर ठरत नाही. थोड्या पैशांतले बरेच झोंबीपट एकाच कामाचे असतात. मढी मेलेलीच आहेत ना, मग त्यांना कसंही फोडा, तेवढाच आनंद. त्यात एखादी तरुण मुलगी हमखास असते, कॅमेरा तिच्या फाटणाऱ्या कपड्यांवर जास्त वेळ रेंगाळतो, आणि सिनेमा अपेक्षा करतो की आपण दाद द्यावी. तो पिठाचा कोंबडा. असले मी बंद करते, मग ते कितीही सफाईनं केलेले असोत.

रोमेरोच्या सिनेमात उलट घडतं. बेन मारतो ती विरोधी हिंसा, जीव वाचवायला, आणि ती करताना त्याचा चेहरा कधी खुलत नाही. ड्वेन जोन्सनं ते काम केलं. कृष्णवर्णीय नट, भूमिका त्याच्या वर्णाला धरून लिहिलेली नव्हती, चाचणीत तो सरस ठरला म्हणून घेतला. सकाळ होते, मढ्यांना टिपत टिपत गावच्या बंदूकवाल्यांची टोळी येते. थर्मासातली कॉफी, गप्पा, शिकारीला निघाल्यासारखा उत्साह. ही संकल्पी हिंसा, शिवाय तिची मजा. त्यांना खिडकीत बेन दिसतो, तो मढं समजून गोळी घालतात. मग चित्र हलायचं थांबतं. वर्तमानपत्रातल्यासारखे खरखरीत फोटो येतात, बेनचा देह आकड्यानं ओढून सरणावर नेतात. १९६८ च्या अमेरिकेत, मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली त्या वर्षी, हे फोटो कशासारखे दिसले असतील ते सांगायला नको. तोवर मढी पडताना जो कुणी टाळ्या वाजवत होता, त्याचा हात हवेतच राहतो.

त्या काळच्या बघणाऱ्यांनी काय निकाल दिला? 'व्हरायटी' ह्या धंद्यातल्या पत्रानं सिनेमाला आणि करणाऱ्यांना झोडपून काढलं. रॉजर ईबर्ट ह्या समीक्षकानं जानेवारी १९६९ मध्ये जे लिहिलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. तो शनिवारी दुपारच्या खेळाला गेला होता, थिएटरात बहुतेक मुलंच होती. सुरुवातीला किंचाळून मजा करणारी मुलं हळूहळू गप्प झाली, आणि पलीकडच्या खुर्चीत नऊएक वर्षांची मुलगी न हलता रडत बसली होती. त्यानं राग काढला तो मुलांना आत सोडणाऱ्यांवर. सिनेमाबद्दलचं त्याचं मत पुढं चांगलंच होतं. ह्याला मी बघणं म्हणते. पडद्याबरोबर शेजारची खुर्चीही बघितली त्यानं. आपल्या घरात टीव्हीसमोर कोण कोण बसलंय, हे न बघता असला सिनेमा लावू नका, एवढं मीही म्हणेन.

ज्यांना एकच बघायचा आहे त्यांनी 'कॉलिन' बघावा. मार्क प्राइस ह्या ब्रिटिश मुलाचा, २००८ चा. खर्च ४५ पौंड. हो, ४५. जुना घरगुती कॅमेरा, फुकट आलेले लोक. त्याची धूसर, हलणारी चित्रं बघताना डोकं धरतं आणि मधल्या एका घरातला हल्ला नको तितका लांबलाय. पण गोष्ट झोंबीच्या बाजूनं आहे. कॉलिन सुरुवातीलाच मरतो आणि आपण त्याच्याबरोबर लंडनच्या रस्त्यांवरून भटकतो. त्याची बहीण त्याला शोधून घरी आणते, आईसमोर बसवते. आईला बघून तरी काही आठवेल, ह्या आशेनं. आई बोलत राहते. तो तिच्याकडे बघतो ते ओळखून की भुकेनं, हे कॅमेऱ्याला कळत नाही, आपल्यालाही नाही. विसरभोळी झालेली सासू किंवा अंथरुणाला खिळलेले वडील ज्यांनी सांभाळलेत, त्यांना ती नजर ठाऊक आहे. तिथं रक्त खरं दिसतं की खोटं, हे बघायचं मला सुचलं नाही.